परसबागेचा हिशेब कोण ठेवणार?

फाल्गुन सरत आला की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या माळरानावर वसंताची चाहूल लागते. गौताळ्याच्या डोंगरात आणि अजिंठ्याच्या घाटात पळस पेटतो, पांगाऱ्याला लाल तुरे येतात, कडुनिंबाच्या कोवळ्या पालवीमागोमाग त्याचा बारीक पांढरा मोहोर येतो आणि बांधावरच्या आंब्याला कैऱ्या धरू लागतात. पैठणच्या वाटेवर नाथषष्ठीच्या दिंड्या दिसू लागतात. नेमक्या याच दिवसांत विहिरींचे तळही दिसू लागतात. कवींनी ज्याला ऋतुराज म्हणून गौरविले तो वसंत मराठवाड्यात असा दोन मुखांनी येतो. शहरातल्या माणसाला त्याचे फुललेले मुख तेवढे दिसते. शेतात घर करून राहणाऱ्या कुटुंबाला मात्र त्याच्या कोरड्या मुखाकडेही पाहावे लागते आणि पुढच्या मृगापर्यंतचे तीन महिने त्या दोहोंच्या मधून वाट काढावी लागते.

या कुटुंबाच्या जगण्याचा एक भाग असा आहे की, त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही, बाजार समितीच्या दप्तरात होत नाही आणि बँकेच्या कर्जखात्यातही होत नाही. तो भाग म्हणजे घरामागची परसबाग आणि अंगणात फिरणाऱ्या दहाबारा कोंबड्या. कापसाचा भाव पडला की विधिमंडळात आवाज उठतो, कांद्याची निर्यात थांबली की रस्ते अडविले जातात. त्यात वावगे काही नाही. परंतु एखाद्या वस्तीवरच्या साऱ्या कोंबड्या आठवडाभरात माना टाकून मेल्या, किंवा पाण्यावाचून शेवग्याची व भाजीची रोपे करपून गेली, तर त्याची वार्ता शेजारच्या वस्तीपलीकडे जात नाही. जे मोजले जात नाही ते हळूहळू महत्त्वाचेही वाटेनासे होते. ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थकारणात नेमके हेच झाले आहे आणि त्याची किंमत मुख्यतः स्त्रिया आणि मुले मोजीत आहेत.

फुलंब्री, कन्नड, खुलताबाद, वैजापूर, गंगापूर या तालुक्यांतून जाताना गावठाणापासून दूर, शेतातच राहणारी अशी कितीतरी घरे दिसतात. दोनअडीच एकर जमीन, तिच्या कोपऱ्यात पत्र्याचे घर, शेजारी गोठा, गोठ्याला लागून कडब्याची गंज. चैत्राच्या प्रारंभी या घरातल्या कामाला आदिअंत नसतो. शाळू ज्वारीची काढणी झालेली असते किंवा व्हायची असते. हरभरा आणि गहू घरात यायचा असतो. आभाळात ढग दिसला की साऱ्यांच्या छातीत धस्स होते, कारण २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा अद्याप विसरलेला नाही. धान्य घरात येते न येते तोच उन्हाळी वाळवण सुरू होते. पापड, कुरडया, शेवया यांनी बाजा आणि पत्रे भरून जातात. आजी कोंबड्यांपासून वाळवण राखते, नातवंडे शाळेतून येऊन आजीला मदत करतात, आणि घरातला कर्ता पुरुष पाडव्याला कोणाकडे साल ठरते काय, याची चौकशी करीत असतो. कारण अडीच एकरांत घर भागत नाही, हे त्याला कोणा अर्थशास्त्रज्ञाने सांगावे लागत नाही.

या सगळ्या धांदलीत परसबाग मुकाट्याने आपले काम करीत असते. न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी वाया न घालवता अळू आणि केळीच्या बुंध्याशी सोडलेले असते. मांडवावर दोडका आणि कारल्याचा वेल चढविलेला असतो. कोथिंबीर-मेथीचा एखादा वाफा, मिरचीची चार झाडे, शेवगा, कढीपत्ता, लिंबू, असा हा संसार असतो. त्यासाठी वेगळे बियाणे विकत आणावे लागत नाही. मागच्या वर्षीचा दोडका वेलावरच वाळवून त्याचे बी राखेत ठेवलेले असते. रासायनिक खताचे पोते परसबागेपर्यंत क्वचितच पोहोचते. शेणखत आणि कोंबड्यांची विष्ठा तेथे पुरेशी असते.

कोंबड्यांचे गणितही असेच आहे. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. पोल्ट्रीतल्या संकरित कोंबडीच्या तीनशेच्या आसपास अंड्यांपुढे हा आकडा अगदी किरकोळ वाटतो. परंतु पोल्ट्रीतल्या कोंबडीला रोजच्या रोज विकतचे खाद्य लागते, तर गावठी कोंबडी मळणीचे सांडलेले दाणे, उकिरड्यातले किडे, गोठ्यातल्या गोचिडी आणि घरातले उष्टे यांवर जगते. तिला भांडवल म्हणून लागते ते एक डालगे किंवा खुराडे आणि सायंकाळी तिला डालणारी कोणीतरी व्यक्ती. ती खुडूक बसली की तिच्याखाली बारा-पंधरा अंडी ठेवावयाची आणि एकवीस दिवस वाट पाहावयाची. जाणत्या स्त्रिया हे काम कडक ऊन पडण्याच्या आत उरकतात. वैशाखाच्या उकाड्यात अंडी नासतात, हा अनुभव पशुवैद्यकाच्या पुस्तकाआधीपासूनचा आहे. निघालेल्या पिलांपैकी काही घारी नेतात, काही मुंगूस नेते. उरलेल्यांतून घराला अंडी मिळतात, पाहुण्याला कालवण मिळते आणि अडल्यानडल्या वेळी आठवडी बाजारात रोख पैसा मिळतो.

हा रोख पैसा लहान असला तरी त्याचा गुण मोठा आहे. कापसाचे, मक्याचे, आल्याचे पैसे पुरुषाच्या नावाने, पुरुषाच्या खात्यावर येतात आणि आडत्याची उचल, कृषी सेवा केंद्राची उधारी व सोसायटीचे कर्ज यांत बहुधा येण्याआधीच संपलेले असतात. अंड्यांचा आणि कोंबडीचा पैसा मात्र घरातल्या बाईच्या कनवटीला राहतो. त्यातून वही येते, औषधाची बाटली येते, मुलीच्या एसटीच्या प्रवासाची सोय होते. या पैशासाठी तिला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. ग्रामीण स्त्रीच्या स्वातंत्र्याविषयी जी भाषणे होतात त्यांत या गोष्टीचा उल्लेख क्वचितच आढळतो. तथापि, ज्या घरात ‘बाईच्या कोंबड्या’ आहेत आणि ज्या घरात त्या नाहीत, त्या दोन घरांत चूल पेटविणाऱ्या स्त्रीच्या शब्दाला किती वजन आहे हे पाहिले, म्हणजे फरक ध्यानात येतो.

आता जमिनीचे आकडे पाहू जाता या छोट्या गोष्टीला मोठे महत्त्व का आले आहे ते उमगेल. १९७०-७१ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ५० लाख वहितीधारक होते आणि सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत वहितीधारकांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाखांवर गेली आणि सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टरवर आले. साडेचार दशकांत साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा पुस्तकात राहिला आणि वाटण्या घरोघर होत गेल्या. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीबाहेर काम मिळाले नाही, की बाप वारल्यावर तोच तुकडा पुन्हा विभागला जातो. हा कायद्याचा नव्हे तर रोजगाराच्या अभावाचा परिणाम आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात मजुरीचा वाटा ४,०६३ रुपये, पिकांचा ३,७९८ रुपये आणि पशुपालनाचा १,५८२ रुपये होता. म्हणजे ज्याला सारे जग शेतकरी म्हणते त्याला पिकापेक्षा मजुरीच अधिक देते. अशा कुटुंबाला विकत घ्यावी न लागणारी प्रत्येक भाजीची जुडी आणि प्रत्येक अंडे ही मजुरीत झालेली वाढच आहे.

पोषणाच्या बाजूनेही हीच गोष्ट दिसते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि १५ ते ४९ या वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. साखर कारखाने, द्राक्षबागा आणि दूध संघ यांचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याला हे आकडे शोभणारे नाहीत. शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळतो, पोट भरते. परंतु हिरवी भाजी, डाळ आणि अंडे शिधापत्रिकेवर मिळत नाही. ती उणीव एके काळी परसबाग भरून काढीत असे. मग परसबागा विरळ का झाल्या?

त्याचे एक कारण पाणी. जिल्ह्याच्या मोठ्या भागात वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांतल्या थोड्या दिवसांत. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी होऊन १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले त्या जायकवाडीच्या जलाशयाने कालव्याखालच्या प्रदेशाचे रूप पालटले. पण पैठण तालुक्यातल्याच टेकाडावरच्या वस्तीला तो जलाशय दिसतो, मिळत नाही. विंधनविहिरी खोल खोल गेल्या तशी उथळ विहिरींची माया आटली आणि उन्हाळ्यात जेथे माणसाच्या पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते तेथे दोडक्याच्या वेलाला कोण विचारणार?

दुसरे कारण पीकपद्धती. कापूस आणि मका यांनी बांधापर्यंतची जमीन व्यापली. ज्वारीच्या पाटात तूर, मूग, अंबाडी, भेंडी, काकडी अशी जी मिश्र पिके सहज येत, ती एकाच नगदी पिकाच्या शेतात येत नाहीत. तणनाशकाच्या फवाऱ्याने तणाबरोबर तांदुळजा, घोळ, कुंजीर या रानभाज्याही जाळल्या. तिसरे कारण जमिनीचा भाव. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्याने आणि समृद्धी महामार्गाने जिल्ह्यात जमिनीला जे मोल आणले ते पिकाच्या हिशेबात बसणारे नाही. शहराच्या आसपास एकर हे माप मागे पडून गुंठा हे माप आले. गुंठ्याने विकल्या गेलेल्या शेतात पुढे घर होते, कुंपण होते, क्वचित हिरवळही होते. पण त्या जमिनीवरून उठलेल्या कुटुंबाची परसबाग पुन्हा कोठे उभी राहिली, हे कोणी पाहत नाही.

विकासाला विरोध करावा असा याचा अर्थ नव्हे. हे शहर मुळात पाण्याच्या आणि बागांच्या नियोजनावर वसले, ही गोष्ट येथे आठवणे उचित ठरेल. १६१० साली मलिक अंबरने वसविलेल्या खडकीला नहर-ए-अंबरीने पाणी दिले आणि पुढे त्या पाण्यावर येथे बागा फुलल्या. मोगलकाळातली हिमायतबाग आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र म्हणून उभी आहे. ज्या शहराच्या इतिहासात चार शतकांपूर्वी खापरी नळांतून उताराने पाणी खेळविण्याची बुद्धी होती, त्या शहराच्या जिल्ह्यात न्हाणीचे पाणी परसात मुरविण्याची योजना अवघड मानली जावी, ही विसंगती आहे.

अल्पभूधारकाची शेती हीच मुळी अकार्यक्षम आहे, तिला कुरवाळण्यापेक्षा तिच्यातून माणसे बाहेर काढावीत, असे एक मत आहे आणि ते मांडणारे सर्वच लोक शेतकऱ्याचे वैरी नाहीत. या मताचा विचार झाला पाहिजे. अमर्त्य सेन यांनी १९६२ साली ‘इकॉनॉमिक वीकली’त लिहिलेल्या लेखात शेत जसे लहान तसे त्याचे दर एकरी उत्पादन अधिक, हा भारतातल्या पाहण्यांतून दिसणारा कल चर्चेला घेतला आणि त्यावर पुढे कित्येक वर्षे वाद झाला. त्या वादाचे सार एवढेच की, छोट्या शेतात घरची माणसे मजुरीचा हिशेब न धरता राबतात म्हणून एकरी उत्पादन वाढते. पण माणशी उत्पन्न वाढत नाही. अर्थात छोट्या शेतीने देशाची जमीन वाया जात नाही, मात्र शेतकऱ्याचे श्रम स्वस्तात जातात. तेव्हा माणसांना शेतीबाहेर काम मिळाले पाहिजे, यात शंका नाही. पण ते मिळेपर्यंतच्या दहा-वीस वर्षांत, किंवा त्याहूनही अधिक काळात, त्या अडीच एकरांवरच्या घराने काय खावे, या प्रश्नाला हे मत उत्तर देत नाही. सोव्हिएत रशियात सामुदायिक शेतीचा एवढा गाजावाजा झाला, तरी देशाच्या अन्नाचा फार मोठा हिस्सा शेतकऱ्यांच्या घरामागच्या छोट्या खासगी तुकड्यांतूनच येत असे. सरकारे मोठ्या योजना आखीत असतात त्या काळात घरे परसावर तग धरतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परसबाग आणि कोंबड्या यांचे गोडवे गाताना त्या राबणाऱ्या बाईच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवले जात नाही काय? २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवितात असे आढळले. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ९७ मिनिटांचा होता. उन्हाळ्यात पाण्याच्या खेपा वाढल्या की हा भार आणखी वाढतो. तेव्हा परसबाग ही स्त्रीने हौसेने करावयाची गोष्ट आहे, असे म्हणून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. या संदर्भात शरद जोशी यांनी १९९१ साली मांडलेल्या सीताशेती आणि माजघरशेती या कल्पना पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. स्त्रीच्या नावावर जमिनीचा तुकडा असावा, त्यावर तिने आपल्या घरासाठी पिकवावे, आणि घरच्या मालावर घरीच प्रक्रिया करून त्याचा लाभ घ्यावा, असा त्यांचा आशय होता. लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन करून दिली आणि पुढे शासनानेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याचा मार्ग खुला केला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलींना वडिलार्जित मिळकतीत समान हक्क दिला. कायदा झाला, पण तलाठ्याच्या दप्तरात स्त्रियांची नावे त्या गतीने चढली नाहीत. ओझे आणि मालकी यांतला फरक येथेच आहे. जी जमीन आपली आहे तिच्यावरचे श्रम हे गुंतवणूक असतात. जी आपली नाही तिच्यावरचे श्रम ही वेठ असते.

कोंबड्यांच्या बाबतीत शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पशुसंवर्धन खात्याची जी चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे राज्यात आहेत त्यांपैकी एक याच शहरात आहे. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती अंगणात वाढू शकतात आणि वर्षाला शंभरापेक्षा अधिक अंडी देतात. अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर देण्याची योजना आहे, एक हजार मांसल पक्ष्यांच्या शेडसाठीही अनुदान आहे. पण या योजनांत एक उणीव राहून जाते. सुधारित कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. तिची पिले घरी निघत नाहीत. म्हणजे एक-दोन वर्षांनी पुन्हा पिलांसाठी केंद्राच्या दारात यावे लागते. गावठी कोंबडी अंडी थोडी देते, पण आपला वंश आपण चालविते. जेथे केंद्र पाऊण तासावर आहे आणि एसटी वेळेवर येते तेथे सुधारित पक्षी लाभाचा ठरेल. सोयगावच्या टोकाच्या वस्तीवर उबविणारी एक गावठी कोंबडी अधिक मोलाची ठरते. योजना आखताना हा विवेक राखला पाहिजे.

याहून मोठा प्रश्न रोगाचा आहे. खेड्यात ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग उन्हाळ्याच्या तोंडाशी आला की चार दिवसांत खुराडी रिकामी होतात. त्यावर लस आहे आणि ती महाग नाही. अडचण वेगळीच आहे. लशीची कुपी शेकडो मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालविली की काही तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्या असलेल्या बाईने एवढी कुपी फोडावी कशी? पाचशे पक्षी असलेल्याला जे सहज साधते ते आठवालीला साधत नाही. आणि ती लस टोचून घेत नाही म्हणून अडाणी ठरविली जाते. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने आणि तेथील पशुसंवर्धन खात्याने गावोगावच्या स्त्रियांनाच लस देण्याचे शिक्षण दिले. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात तयार झालेली, उष्णतेत बरीच टिकणारी लस मोझांबिक व टांझानियातल्या खेड्यांत गावकऱ्यांनीच कोंबडीच्या डोळ्यात थेंब टाकून दिली. ठरलेल्या दिवशी सारा गाव एकदम लस देतो, त्यामुळे कुपी वाया जात नाही. हे करण्यासाठी परकीय चलन लागत नाही की मोठे यंत्र लागत नाही. येथे आशा सेविका आहेत, बचत गट आहेत, ‘उमेद’ची रचना आहे, वर्षातून तीन दिवस ठरविले तरी पुरे.

बर्ड फ्लूचा धोका यात विसरता येणार नाही. २००६ साली नवापुरात तो देशात प्रथम आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात त्याने पुन्हा दर्शन दिले. अशा वेळी बाधित क्षेत्रातले सारे पक्षी नष्ट करावे लागतात आणि त्यासाठी भरपाईची तरतूद आहे. त्या कटू प्रसंगी अंगणातल्या कोंबड्या लपविल्या जाऊ नयेत असे वाटत असेल तर त्या आधीपासून खात्याच्या नोंदीत असल्या पाहिजेत. ज्या घराकडे सुखाच्या काळात कोणी फिरकत नाही त्या घराने संकटकाळी दार उघडून द्यावे, ही अपेक्षा फार आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात अंगणातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाख भरली. आधीच्या गणनेपेक्षा ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. शासनाचे लक्ष नसताना लोकांनी आपली गरज ओळखली, असाच याचा अर्थ आहे.

शाळेचा आणि या परसाचा संबंध शिक्षकांना वेगळा सांगावयास नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबविण्यात आला आणि लोकसहभागातून ते द्यावे असे शाळांना सुचविण्यात आले. लोकसहभाग ही चांगली गोष्ट आहे. पण ज्या गावात मुलाला अंड्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच गावात वर्गणी देणारा हात सर्वांत रिकामा असतो, हे मुख्याध्यापकाला मंत्रालयापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. याउलट शाळेने गावातल्याच स्त्रियांकडून रोख भावाने अंडी घ्यावीत अशी व्यवस्था झाली असती, तर एकाच रुपयात मुलाचे पोषण आणि आईची मिळकत अशी दोन्ही कामे साधली असती. शाळांच्या आवारात परसबागा करण्याची मोहीम राज्यात चालली आहे आणि काही शाळांनी ती मनापासून चालविली आहे. त्या बागेत मूल जे शिकते ते त्याच्या आईच्या घरामागेही टिकले, तरच ते शिक्षण ठरेल. नाहीतर ते पाहणीच्या दिवसापुरते प्रदर्शन होईल.

मागण्या अशा अवाढव्य नाहीत. जलसंधारणाच्या कामांत शेतवस्तीवरच्या घरांचा विचार व्हावा आणि सांडपाण्यावरच्या परसबागेला रोजगार हमीच्या कामांत सोपे स्थान मिळावे. १९७२ च्या दुष्काळात ज्या योजनेने महाराष्ट्राची माणसे जगविली आणि १९९० पासून ज्या योजनेने फळबागा उभ्या केल्या, तिला चार शेवगे आणि दोन लिंबे जड जाऊ नयेत. गावपातळीवर लसीकरणाचे दिवस ठरावेत. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याचे काम अर्जाची वाट न पाहता मोहीम म्हणून हाती घ्यावे. आणि अंड्याचा निधी पुन्हा सुरू करून त्याची खरेदी गावातून व्हावी. या चारही गोष्टींचा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चाशी ताडून पाहिला तर ओशाळे व्हावे लागेल.

शहरातला कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापैकी पुष्कळांची मुळे दोन पिढ्यांमागे अशाच एखाद्या वस्तीत सापडतील. त्यांच्यापैकी काहींच्या शिक्षणाचे शुल्क अंडी विकून आलेल्या पैशातून भरले गेले असेल. गुरुवारच्या छावणी बाजारात गावठी कोंबडीचा भाव करताना, किंवा सुट्टीच्या दिवशी एखाद्या हुरडा पार्टीत ‘खरे ग्रामीण जीवन’ विकत घेताना, त्यामागच्या घराचा विचार मनात आला तर तो वाया जाणार नाही. मराठवाड्यात २०२३ या एका वर्षात एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. परसबाग आणि कोंबड्या यांनी कर्ज फिटत नाही आणि आत्महत्या थांबतात, असा दावा कोणी करू नये. परंतु कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेले घर उद्या सकाळी मुलांच्या ताटात काय वाढणार, हा प्रश्न ज्या दिवशी सुटलेला असतो त्या दिवशी त्या घराला आणखी एक दिवस विचार करावयास सवड मिळते. राज्यकर्त्यांना या सवडीची किंमत कळली पाहिजे. ती कळण्यासाठी प्रथम कोणीतरी परसबागेचा हिशेब ठेवावयास घेतला पाहिजे. आणि त्या हिशेबाच्या वहीवर पहिले नाव ती राखणाऱ्या बाईचे असले पाहिजे.